प्रत्येक ऑर्डरमध्ये आयटमचा नंबर १ पासून द्यायचा आहे. ट्रिगरमध्ये मॅक्स अधिक एक केलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की ऑर्डरचं एक टेबल आहे, त्याखाली आयटमचं, आणि प्रत्येक ऑर्डरमध्ये आयटमचे नंबर १ पासून लागायला हवेत. त्यासाठी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मॅक्स अधिक एक, म्हणजे त्या ऑर्डरमधला सर्वात मोठा नंबर काढून त्यात एक मिळवणं, ट्रिगरमध्ये (रो टाकताना डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) लिहावं की ॲपच्या कोडमध्ये?

कुठेही लिहू नका. ट्रिगरलासुद्धा दुसऱ्या ट्रान्झॅक्शनची (एकत्रच पक्क्या होणाऱ्या कामांचा गट) कमिट न झालेली, म्हणजे अजून पक्की न झालेली रो दिसत नाही. एकाच वेळी आलेल्या दोघांना मॅक्स ३ दिसतो आणि दोघेही ४ टाकतात. 'आमच्याकडे एवढा लोडच नाही' असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. एकाच ऑर्डरवर दोन माणसं बसली की तेवढा लोड पुरतो.

नागपुरात मी ज्या कंपनीत होतो, तिने कळमना मार्केटमधल्या एका संत्र्याच्या अडत्यासाठी सॉफ्टवेअर केलं होतं. आलेली गाडी हा पॅरेंट आणि तिच्यातून उतरलेल्या मालाच्या ढेऱ्या हे चाइल्ड. ढेऱ्यांचे नंबर दर गाडीला १ पासून. हर्रासात (लिलावात) लागलेला भाव त्या नंबरावरच चढायचा. नोंदी दोन ठिकाणांहून व्हायच्या: एक पोरगा गादीवरच्या (अडत्याच्या पेढीवरच्या) कॉम्प्युटरवर, दुसरा यार्डात मोबाइल घेऊन. टेबल बनत असतानाच मी म्हटलं होतं की गाडी आणि ढेरी नंबर या जोडीवर युनिक लावू, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा टाकायला डेटाबेसच नकार देईल. टीम लीडने ते काढायला लावलं. 'चेक कोडमध्ये आहे, उगाच ग्राहकासमोर एरर नको,' हे त्यांचं म्हणणं.

आंबिया बहार जोरात होता. काटोलकडच्या एका शेतकऱ्याच्या गाडीत ४ नंबरच्या दोन ढेऱ्या पडल्या, एक मोठ्या मालाची आणि एक चुरीची, म्हणजे बारीक मालाची. मोठ्या मालाचा भाव चढला. मग चुरीचा भाव आला आणि 'या गाडीची ४ नंबर ढेरी' म्हणून दोन्ही रोंवर बसला. पट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब) हातात पडली तेव्हा त्या शेतकऱ्याने आपली खिशातली वही काढली. 'माह्या वहीत पाच ढेऱ्या हायेत जी, भावही पाच हायेत. तुमच्या पट्टीत चार नंबर दोनदा, अन् दोन्ही चुरीच्या भावात?' त्याची वही बरोबर होती आणि आमचा डेटाबेस चूक.

अडत्याचा फोन आला तेव्हा टीम लीडने लॉग न बघताच सांगून टाकलं की ऑपरेटरने एंट्री दोनदा मारली. गादीवरच्या पोराचा पगार कापला गेला. या गोष्टीचा मला आजही राग येतो. मी दोन्ही रोंच्या वेळा काढल्या. मध्ये एका सेकंदाचंही अंतर नव्हतं आणि लॉगिन दोन वेगवेगळे होते. तो कागद घेऊन मी स्वतः कळमन्याला गेलो आणि अडत्यासमोर ठेवला. पोराचे पैसे परत मिळाले, शेतकऱ्याची पट्टीही दुरुस्त झाली. टीम लीडने मात्र शेवटपर्यंत मानलं नाही.

नंतर जे केलं तेच तुम्ही करा. ऑर्डरच्या टेबलात 'शेवटचा आयटम नंबर' असा कॉलम ठेवा, सुरुवात ० पासून. आयटम टाकायच्या आधी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, ऑर्डरच्या रोवर तो कॉलम एकने वाढवणारा अपडेट चालवा आणि रिटर्निंगने (अपडेटमधूनच बदललेला आकडा परत देणारा भाग) नवा आकडा घ्या. ती रो कमिटपर्यंत लॉक राहते. दुसरा आला तर थांबतो, लॉक सुटल्यावर ताजा आकडा वाचतो आणि पुढचा घेतो. रोलबॅक झाला, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द झालं, तर आकडाही मागे येतो. सीक्वेन्सचं (डेटाबेसचा स्वतःचा नंबर देणारा काउंटर) तसं नाही, तिथला आकडा एकदा निघाला की रोलबॅकनेही परत येत नाही. हा अपडेट ट्रिगरमध्ये ठेवा नाहीतर कोडमध्ये, मला दोन्ही चालतं. ऑर्डर आणि नंबर या जोडीवर युनिक मात्र हवंच, आणि ते डेटाबेसमध्येच. कोडमधला चेक आधी वाचतो आणि मग लिहितो. घोळ त्या दोन पायऱ्यांच्या मधेच होतो.

टीममध्ये कुणी अडून बसलं तर वाद घालू नका, दोन पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड द्यायची खिडकी) उघडा. दोन्हीकडे बिगिन, दोन्हीकडे मॅक्स अधिक एक काढून इन्सर्ट, मग कमिट. एकही एरर न येता दोन ४ नंबर तयार होतात. मग ते साफ करून युनिक लावा आणि तेच पुन्हा करा. आता दुसरा इन्सर्ट अडकून राहील आणि पहिला कमिट झाला की डुप्लिकेट कीची एरर देईल. ग्राहकाला ही एरर दिसलेली बरी, चुकीची पट्टी छापलेली नको.

आयटम डिलीट झाला तर मागचे नंबर सरकवू नका, कागदावर जुने छापलेले असतात. रो राहू द्या, रद्द अशी खूण करा. बिलांचे नंबर याच पद्धतीने देणार असाल तर सीजीएसटी नियम ४६ बघा: नंबर सलग हवा, १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको. तिथे पॅरेंट म्हणून सिरीज आणि वर्ष ही जोडी धरा. नुसत्या स्क्रीनवर अनुक्रमांक दाखवायचा असेल तर यातलं काहीच नको, क्वेरीतलं रो नंबर आणि पार्टिशन बाय (दर गटाला १ पासून मोजणारं) पुरतं.

जुन्या टेबलात आधीच दुहेरी नंबर असतील तर युनिक लागणारच नाही, ते आधी ग्रुप बाय करून शोधा. लॉक घेऊन ठेवून प्रिंट किंवा एसएमएस पाठवत बसू नका, त्या ऑर्डरवरचे बाकी सगळे तेवढा वेळ ताटकळतात. वरचं सगळं रीड कमिटेड ही पोस्टग्रेसची नेहमीची आयसोलेशन पातळी (एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याचे बदल कधी दिसतात ते ठरवणारी) धरून सांगितलंय. आयसोलेशन रिपीटेबल रीड असेल तर थांबलेल्या ट्रान्झॅक्शनला सिरियलायझेशनची एरर (ती रो मधेच दुसऱ्याने बदलली अशी) येईल, आणि ते पहिल्यापासून पुन्हा चालवावं लागेल.