तुमचे प्रश्न: परदेशातल्या विद्यार्थ्यांना ख्रिस्ताबद्दल सांगायचं ते कसं?

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली तीन एकाच विषयावर होती, मिशन ट्रिपला परदेशात जाणारी आपली मुलं आणि तिथले विद्यार्थी. म्हणून या अंकात फक्त हाच विषय घेतेय, बाकीच्या पत्रांची उत्तरं पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. मी नगरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या तरुण संघाचा ग्रुप ऑक्टोबरमध्ये थायलंडला चियांग माईला चाललाय, तिथल्या एका मंडळीने (चर्चने) युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी इंग्लिश कॅम्प ठेवलाय, आम्ही दिवसा शिकवायला मदत करायची आणि संध्याकाळी साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायचा, असं ठरलंय. खूप उत्साह आहे पण पोटात गोळापण येतो. आमच्यातले काहीजण म्हणतात की आपण ख्रिस्ती आहोत हे आधी सांगायचंच नाही, नुसतं इंग्लिश शिकवायचं, मैत्री झाली की शेवटच्या दिवशी विषय काढायचा, नाहीतर मुलं येणारच नाहीत. मला हे पटत नाहीये पण का ते नीट सांगता येत नाही. आणि बौद्ध मुलांशी नेमकं काय बोलायचं? इथे माझ्या कितीतरी मैत्रिणी बौद्ध आहेत त्यामुळे थोडंफार कळतं असं वाटतं.
– एक वाचक, नगर

उत्तर: तुला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे, आणि तुझ्या ग्रुपला कारण सांगायचं असेल तर लांब जायची गरज नाही, नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या ख्रिस्ती घरात जाऊन बस. दुष्काळात धान्यासाठी धर्म बदलला हा टोमणा आपल्या पणज्यांनी ऐकला, आज्यांनी ऐकला आणि आजही कॉलेजमध्ये कुणीतरी हसत हसत विचारतंच, काय गं, तुम्हाला किती मिळाले? हे ऐकून ज्यांचं मन दुखावलंय त्यांनीच दुसऱ्या देशात जाऊन इंग्लिशचं आमिष पुढे करून मागून सुवार्ता काढायची? नाही. कॅम्पच्या पोस्टरवरच लिहायला सांगा की हा कॅम्प ख्रिस्ती मंडळी घेतेय, संध्याकाळी विश्वासाबद्दल बोलणं होईल, ज्याला यायचं त्याने यावं, नाही आलं तरी दिवसाचे क्लास तेवढ्याच प्रेमाने मिळतील. मुलं कमी आली तर कमी येऊ देत. जी येतील ती डोळे उघडे ठेवून येतील आणि शेवटच्या दिवशी कुणाला फसवल्यासारखं वाटणार नाही.

माझं उदाहरण नेहमीचंच आहे पण सांगतेच, पंडिता रमाबाईंचं. आपण त्यांना मुक्ती मिशनच्या, केडगावच्या म्हणून ओळखतो, पण त्या स्वतः कधीतरी परदेशातल्या विद्यार्थिनी होत्या आणि ख्रिस्ताबद्दल त्यांना सांगणारे लोक दुसऱ्या देशाचे होते हे आपण विसरतो. १८८३ साली डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या, तिथल्या वाँटेज गावात ख्रिस्ती मठातल्या सिस्टर्सकडे राहिल्या. त्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं, जिथे समाजाने टाकलेल्या बायकांना आसरा दिला जायचा, प्रेमाने सांभाळलं जायचं. ते बघून रमाबाई हलल्या, कारण इथे अशा बायकांचं काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. मग त्यांनीच विचारलं की तुम्ही हे का करता? तेव्हा सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, शोमरोनी बाईचा. क्रम बघ, आधी काम दिसलं, मग प्रश्न आला, मग वचन. आणि त्याच सिस्टर्सनी पुढे जेव्हा त्यांना आमच्या पद्धतीनेच विश्वास ठेव असं दडपायला सुरुवात केली तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून त्यांच्याशी जोरदार वाद घातले, एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाताखाली जायला त्या तयार नव्हत्या. एवढी हुशार बाई ख्रिस्ताकडे आली ती वादात हरून नाही, दाबामुळे तर मुळीच नाही. तुझ्यासमोर कॅम्पला बसलेली मुलगीसुद्धा स्वतःची अक्कल असलेली विद्यार्थिनी आहे, तिला प्रश्न विचारायला जागा दे, आणि तिने उलट विचारलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

आता बौद्ध मैत्रिणींबद्दल. नगरमधल्या तुझ्या मैत्रिणींचा बौद्ध धम्म हा बाबासाहेबांचा, १९५६ला नागपूरला घेतलेल्या दीक्षेचा, बावीस प्रतिज्ञांचा, त्यात समतेची आणि आत्मसन्मानाची लढाई आहे. थायलंडमध्ये घराघरात थेरवाद, म्हणजे बौद्ध धर्माची जुनी परंपरा, आहे आणि तो वेगळा दिसतो. सकाळी भिक्खू भिक्षेला निघतात आणि लोक रस्त्यावर वाकून अन्न देतात, मुलगा काही दिवस भिक्खू झाला की आईबापांना पुण्य लागतं असं मानतात, घरासमोर आत्म्यांसाठी छोटंसं देवघर असतं, गळ्यात ताईत असतात. चियांग माई युनिव्हर्सिटीची पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी डोंगर चढून दोई सुथेपच्या मंदिरात चालत जातात, म्हणजे धर्म त्यांच्या कॉलेजलाइफमध्येसुद्धा आहे. तेव्हा मला बौद्ध धर्म माहितेय असं धरून जाऊ नकोस. पहिले दोन दिवस तूच विचार, तुमच्या घरी काय करतात, तुझ्या भावाने चीवर (भिक्खूचं वस्त्र) घेतलं होतं का, आजी काय सांगते. मनापासून विचार, वही काढून मुद्दे शोधायला नको.

एक गोष्ट मात्र आधी माहीत असलेली बरी. आपण साक्ष देताना सहज म्हणतो की प्रभूने मला नवा जन्म दिला, सार्वकालिक जीवन दिलं. ज्यांच्या शिकवणीत पुन्हा पुन्हा जन्म घेणं हेच दुःख आहे आणि त्या फेऱ्यातून सुटायचंय, त्यांना हे ऐकून आनंद का होईल? त्यांना वाटेल अजून एक जन्म! म्हणून साक्षेत सरळ तुझ्या आयुष्यात काय घडलं ते सांग. कशाची भीती होती, क्षमा कशी मिळाली, घरात कुणाशी बोलणं बंद होतं ते कसं सुरू झालं, प्रार्थना करतेस म्हणजे नक्की काय करतेस. येशू कुणाबरोबर जेवला, कुणाला हात लावला, वधस्तंभावर कुणासाठी क्षमा मागितली, हे गोष्टीरूपात सांग, मुलं गोष्ट ऐकतात. आणि पुण्य साठवून साठवून थकलेल्या माणसाला कृपा ही फुकट मिळते हे ऐकून काय वाटतं तेही त्यांनाच विचार, इथे खरं बोलणं सुरू होतं असा माझा अनुभव आहे. दुभाषा म्हणून तिथल्याच मंडळीतला कुणीतरी घ्या आणि आदल्या दिवशी त्याच्याबरोबर बसून साक्ष वाचून घ्या.

तुझ्याकडे अजून एक गोष्ट आहे जी गोऱ्या मिशनऱ्याकडे नसते. थाई मुलं विचारणारच, तू इंडियाची, बुद्धांच्या देशातली, मग ख्रिस्ती कशी? महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेप्रमाणे आपण एक टक्कासुद्धा नाही आणि थायलंडमध्येही ख्रिस्ती एक टक्क्याच्या आसपासच. सगळे एकीकडे आणि आपण एकटे हे काय असतं, सणाच्या दिवशी वर्गात काय वाटतं, हे तुला सांगता येतं. तिथला ख्रिस्ती विद्यार्थी तर तुझ्या गळ्यातच पडेल.

जायच्या आधी चियांग माईच्या मंडळीचा इतिहासपण वाचून जा ना, फार सुंदर आहे आणि दुःखाचापण आहे. डॅनिएल मॅकगिल्व्हरी हे मिशनरी १८६७ला तिथे पोचले. पुढच्या वर्षी १८ ऑगस्ट १८६८ला सूर्यग्रहण होतं, तेच ग्रहण ज्याचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ आपल्याकडे जमखंडीला आणि तिकडे गुंटूरला येऊन बसले होते. मॅकगिल्व्हरींनी नान इंता नावाच्या एका विद्वान गृहस्थांना ते आधीच सांगून ठेवलं, आणि ग्रहण वेळेवर लागलं तेव्हा या माणसाने राहू-ग्रहणाच्या जुन्या समजुती तपासायला घेतल्या आणि मग ख्रिस्ताची शिकवणही तेवढ्याच बारकाईने तपासली, आणि ते तिथले पहिले विश्वासणारे झाले. प्रश्न विचारणारा, तपासणारा माणूस! पण १८६९च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या राजाच्या हुकमाने नोई सुन्या आणि नान चाय या दोन नवख्रिस्ती माणसांना मारून टाकलं. मिशनरी नाही मेले, स्थानिक माणसं मेली. धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा १८७८ला निघाला, तोही एका ख्रिस्ती जोडप्याचं लग्न अडल्यामुळे. ज्या मंडळीत तुम्ही पाहुणे म्हणून जाताय तिने हे सोसलंय, म्हणून कॅम्पमध्ये काय बोलायचं, कधी थांबायचं, हे तिथल्या पाळकांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं.

बाकीचं पटापट सांगते. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, प्रार्थना करतानासुद्धा नाही, आपल्याकडे डोक्यावर हात ठेवायची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतेय. बसताना पाय कुणाकडे, आणि बुद्धमूर्तीकडे तर अजिबातच करू नका. मुलींनी भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो. मूर्तीपुढे सेल्फी नाही, आणि राजघराण्याबद्दल चेष्टेतही काही बोलायचं नाही, तिथे त्यासाठी ३ ते १५ वर्षं तुरुंगवासाचा कायदा आहे. शिकवणं हे तिथे पगार नसला तरी काम धरलं जाऊ शकतं, त्यामुळे व्हिसा आणि परमिटचं काय ते तिथल्या मंडळीने लेखी कळवल्याशिवाय तिकिटं काढू नका. आणि त्या मुलांचे फोटो, नावं इन्स्टावर टाकू नका, "आज इतक्या जणांनी ख्रिस्ताला स्वीकारलं" अशा कॅप्शनसकट तर नकोच नको, घरच्यांनी ते बघितलं तर त्या पोरीचं काय होईल याचा विचार करा.

प्रश्न: माझा मुलगा कॉलेजच्या ग्रुपबरोबर नेपाळला मिशन ट्रिपला जायचं म्हणतोय. पोखऱ्याला कॉलेजबाहेर पत्रकं वाटायचा प्लॅन आहे. व्हिसा लागत नाही, शेजारचाच देश, काही प्रॉब्लेम नसावा ना? आईला मात्र काळजी वाटते.
– एक वडील, सोलापूर

उत्तर: भाऊ, त्याच्या आईचं बरोबर आहे. व्हिसा लागत नाही म्हणून कायदा लागू होत नाही असं नसतं. नेपाळच्या २०१५च्या राज्यघटनेतच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि ऑगस्ट २०१८पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. तिथे आपली मुलंही परदेशीच.

पण मला मुलापेक्षा जास्त काळजी त्याला घरी ठेवून घेणाऱ्या नेपाळी पाळकांची वाटते. मुलं पत्रकं वाटून बसने गोरखपूरला परत येतील, पोलीस दार वाजवतील ते त्यांचं. तिथे २०२१च्या जनगणनेत ख्रिस्ती १.७६ टक्के आहेत आणि ही मंडळी नेपाळी माणसांनीच वाढवली, शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगून, आजाऱ्यासाठी प्रार्थना करून, तुरुंगात जाऊनसुद्धा. मुलाला जाऊ द्या, जरूर जाऊ द्या, पण पत्रकांचा गठ्ठा घरी ठेवून. तिथल्या तरुणांबरोबर उपासनेला बसू दे, त्यांची गाणी शिकू दे, ते सांगतील ते काम करू दे, भांडी घासायची तर भांडी. कुणी विद्यार्थ्याने स्वतःहून विचारलं तर पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलंय तसं सौम्यपणे आणि आदराने उत्तर द्यावं, तेही तिथल्या भावांना विचारून. अठरा वर्षांखालच्या मुलांशी तर आईवडील सोबत असल्याशिवाय हा विषय काढूच नये, हे मी भारतातसुद्धा सांगते. ग्रुपलीडर हे ऐकायला तयार नसेल तर मात्र पाठवू नका.

प्रश्न: गेल्या वर्षी आम्ही बँकॉकला गेलो होतो. शेवटच्या रात्री एका मुलीने माझ्याबरोबर प्रार्थना केली, येशूला स्वीकारते म्हणाली. आम्ही चर्चमध्ये येऊन साक्षपण दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता मी लाइन या चॅट अॅपवर बायबलची वचनं पाठवतो तर ती फक्त स्टिकर पाठवते, कधी तेही नाही. ती खोटं बोलली का? की मी कमी पडलो?
– एक युवक, पुणे

उत्तर: ती खोटं बोलली असं मला नाही वाटत. थाई मुलं सहसा पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, त्यातून कॅम्पची शेवटची रात्र, गाणी, रडारड, उद्या सगळे जाणार, अशा वेळी हो म्हणणं हा तिच्या बाजूने तुमच्या मैत्रीचा मानही असू शकतो. खरंच काही सुरू झालेलं असूही शकतं. ते तुला पुण्यात बसून कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ला झाला, पण ख्रिस्त स्वतःला खऱ्या अर्थाने सापडला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी असं त्यांनी स्वतः लिहिलंय, तू एका वर्षात हिशेब मागतोयस. प्रेषितांच्या कृत्यांत बघ, अथेन्सला पौलाचं बोलणं ऐकून काहीजण हसले, काहीजण म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि थोडेच जण विश्वास ठेवून त्याच्याबरोबर गेले. पौल पुढच्या गावाला निघून गेला, पुन्हा कधीतरी म्हणणाऱ्यांच्या मागे लागला नाही.

तुझ्या मंडळीत परत उभा राहून हे सांगशील तर बरं होईल की ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं असं आम्ही सांगितलं, ती खरं म्हणजे प्रार्थनेसाठी दिलेली नावं आहेत. लोकांना ते कळेल आणि पुढच्या ग्रुपवर आकडे आणायचं ओझं राहणार नाही.

आणि रोज वचन पाठवणं बंद कर रे. परदेशातला एक मुलगा एका मुलीला रोज मेसेज करतोय हे तिच्या घरच्यांना कसं दिसत असेल? तिथल्या मंडळीतल्या एखाद्या ताईला तिची ओळख करून दे, पण आधी तिला विचार की चालेल का. नाही म्हणाली तर विषय सोडून दे. तू फक्त १३ एप्रिलला, त्यांच्या सोंगक्रानला, नवीन वर्षाच्या शुभेच्छा पाठव आणि परीक्षा कशी गेली ते विचार.