लाल काडी म्हणजे दहा, कारण बाई म्हणाल्या

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. डी.एल.एड.चं (शिक्षक होण्याच्या पदविकेचं) दुसरं वर्ष, आंतरवासितेला म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला जिल्हा परिषदेची शाळा, पहिली-दुसरी एकत्र, पट 23. दशक-एकक शिकवायला रंगीत टोकनं केलीत, टीव्हीवर व्हिडिओ दाखवलात, पोरं उड्या मारून उत्तरं देत होती. दुसऱ्या दिवशी वहीत मात्र निम्म्या पोरांनी पंचवीसचे 52 लिहिले. 'माझं काय चुकलं?' असं विचारलंयत. तुमचं माहीत नाही, पण 2017 मध्ये मीही आंतरवासितेला असताना माझं काय चुकलं होतं ते सांगते. कदाचित उपयोग होईल.

मी कुणी तज्ज्ञ नाही, दुशिक्षकी शाळेतली साधी बाई आहे. तुमचा वर्ग मी पाहिलेला नाही, त्यामुळे पटेल तेवढंच घ्या. टाचण, गट पाडणं, साहित्य आधी मोजून ठेवणं हे तुम्हाला येतच असणार, ते सोडते.

तेव्हा सगळीकडे 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' ह्या सरकारी कार्यक्रमाचं वारं होतं. कृतीतून शिकवण्यासाठी गाजलेलं साताऱ्याचं कुमठे बीट (शाळांचा गट) बघायला जिल्ह्याजिल्ह्यांतून गाड्या भरून शिक्षक जाऊन आलेले. बघून आलेल्या बऱ्याच जणांनी तिथल्या फरशीवरचा रंग तेवढा उचलला, आणि त्यांचं बघून मीही तेच केलं. आईस्क्रीमच्या 200 काड्या आणल्या, दोन रात्री जागून ऑइल पेंटने रंगवल्या. निळी काडी म्हणजे एक, लाल म्हणजे दहा. दहा निळ्या द्या, एक लाल घ्या. पोरांना तो देवाणघेवाणीचा खेळ इतका आवडला की मधली सुट्टी झालेली कळली नाही. पाठ बघायला आलेले सर खूश, फोटो निघाले, शेरा 'उत्कृष्ट'.

वर्गाच्या मूळ बाई मात्र मागे बसून गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका पोराला बोलावलं. "चौतीस मांड बरं." त्याने झटक्यात तीन लाल, चार निळ्या मांडल्या.

"आता मोज. काड्या किती?"

"सात."

"मग चौतीस कुठंयत?"

पोराने काड्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बाई म्हणल्या, लाल म्हंजी धा."

ताई, हे वाक्य अजून कानात आहे. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. लाल काडी निळीएवढीच लांब, तेवढीच जाड. तिच्यात दहा कुठेच नव्हते, ते फक्त माझ्या तोंडात होते. हाताने कृती चालली होती खरी, पण पोरं शिकली होती रंगांचा नियम. उद्या मी हिरवी म्हणजे दहा म्हटलं असतं तर तेही त्यांनी मानलं असतं.

बाईंनी कोपऱ्यातला जुना खराटा सोडला आणि त्याचे हीर, म्हणजे काड्या, माझ्यापुढे ओतले. "आता ह्यांना गठ्ठे बांधू दे. तू बांधायचे नाहीत." पुढचे आठ दिवस आम्ही फक्त गठ्ठे बांधले. नऊचे झाले, अकराचे झाले. "तुझा गठ्ठा बारकाय" म्हणून भांडणं झाली, आणि त्या भांडणातून गठ्ठे परत सोडून मोजणं सुरू झालं. मी आदल्या रात्री नीट बांधलेले गठ्ठे नेले असते तर हे भांडण झालंच नसतं, म्हणजे मोजणंही झालं नसतं. साहित्य आपण जितकं तयार करून नेतो तितकं पोरांच्या वाट्याचं काम कमी होतं, असं माझं ठाम मत आहे. ह्यावर वाद घालणारे आहेत, घालू देत.

वजाबाकीला तर गंमतच झाली. 42 मधून 17 काढायचे. सुटे दोनच. एक मुलगी गठ्ठा हातात घेऊन बसून राहिली. का गं? तर म्हणे, "सोडल्यावर परत कोन बांधनार?" शेवटी तिनेच सोडला. पुढे हातच्याची वजाबाकी करताना ती दशकाच्या आकड्यावर काट मारून म्हणायची, "हा सोडला." लाल काडी सोडता येत नाही, ती फक्त बदलून मिळते.

टोकनं वाईट नाहीत, पण ती नंतर. गठ्ठे बांधून-सोडून कंटाळा आला की पोरं आपणच म्हणतात, बाई, दरवेळी कशाला बांधायचं. मग दहाची नोट आणि रुपयाची नाणी काढा, दुकान मांडा.

आता तुमचे 52. ह्यात सगळा दोष टोकनांचा नाही, आपल्या भाषेचाही आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, मग पोर पाच आधी लिहितं. त्यात एकोणतीस ऐकून तिसाच्या घरात जातं. एकोणनव्वदपर्यंत एकोण, आणि पुढे अचानक नव्व्याण्णव! 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. भाषा बुडाली म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा-सात वर्षांच्या पोराला 29 लिहायला शिकवलं होतं, देव जाणे. मी अजूनही आधी 'दोन गठ्ठे पाच सुटे', मग 'वीस पाच', मग 'पंचवीस' असंच घेते. पंचवीस सोडत नाही, तिथे पोचायला पायरी ठेवते.

टीव्हीचं. व्हिडिओत दहा काड्या टुणकन उडतात, रबर आपोआप बसतं, टाळ्या पडतात, पण मोजत कुणीच नाही. म्हणून मी टीव्हीवर पोरांचेच हात दाखवते. वह्यांच्या दोन थप्प्या, त्यांवर आडव्या दोन फूटपट्ट्या, वर फोन उताणा, स्क्रीन वर आणि मागचा कॅमेरा मधल्या फटीतून खाली. स्क्रीन टीव्हीवर घ्यायची आणि एका पोराने खाली गठ्ठा सोडायचा. मागच्या ओळीला प्रत्येक काडी दिसते, नववी काडी विसरली की अख्खा वर्ग ओरडतो. वीज गेली तर काही अडत नाही, काड्या खालीच असतात. व्हिडिओ लागणारच असेल तर पुस्तकातला क्यूआर कोड घरी स्कॅन करून दीक्षा ह्या सरकारी ॲपवर आधीच उतरवून ठेवा, शाळेच्या नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. आणि फोन आधी 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. माझ्या सासूबाईंचा 'येताना कोथिंबीर आण' हा मेसेज टीव्हीवर झळकला आणि दुसरीच्या पोरांनी तो एकसुरात वाचला. वाचन चांगलं होतं, एवढंच समाधान. फोटोंचं एक सांगते, हात आणि काड्यांचे काढा, पोरांचे चेहरे स्टेटसला टाकू नका. पालकांना विचारलेलं नसतं आपण.

आता थोडं मन मोकळं करते, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. आंतरवासिता संपल्यावर एका कार्यालयाने (नाव घेत नाही) साहित्य जमा केल्याशिवाय प्रमाणपत्राचा कागद पुढे सरकवला नाही. खराट्याचा गठ्ठा नेला तर टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "हे काय, झाडायला आणलंय?" लाल-निळ्या काड्या दिल्या, लगेच सही. त्या काचेच्या कपाटात कुलपात गेल्या. निरीक्षणाच्या तक्त्यात साहित्याच्या आकर्षकतेला गुण होते, पोर काय बोललं हे लिहायला रकाना नव्हता. आता निपुण भारत ह्या केंद्राच्या अभियानामुळे तिसरीअखेर पोराला काय यावं ह्याची तरी चर्चा होते. तुमच्याकडे अजून जमा करायला सांगत असतील तर देण्यापुरता एक रंगीत संच वेगळा करून ठेवा. मुख्याध्यापकांना मात्र विचारून घ्या, माझ्या सांगण्यावरून नको.

पहिलीला हीर देताना टोकं कातरून द्या, डोळ्याला लागतात. चिंचोके आणि बारीक मणी मी पहिलीला देतच नाही, नाकात जातात. रबरबँड चार दिवसांत तुटतात आणि एकमेकांना मारायला वापरले जातात. सायकलच्या दुकानात जुनी ट्यूब मागा, बहुतेक फुकट मिळते. कात्रीने बोटभर रुंदीचे आडवे काप काढा. गठ्ठ्याला घट्ट बसतात, पहिलीच्या बोटांनाही निघतात. माझे काप चौथं वर्ष चाललेत. फक्त आधी साबणाने धुवा, नाहीतर पोरांचे हात आणि पांढरे शर्ट दोन्ही काळे होतात आणि संध्याकाळी आया दारात येतात.