लाल लघवी आणि न काढलेला तुकडा

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. मध्येच लघवी लालभडक होते, दुखत मात्र काहीच नाही. शेजारणीने उष्णता म्हणून सब्जा द्यायला सांगितला. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ निघाली. दुर्बिणीतून बघून डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांची गाठ वाटते, एमआरआय करा. पण तुकडा काढलाच नाही. मग कॅन्सर नाही हे कशावरून?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तुकडा घेतला नसता. या गाठीला हेमँजिओमा म्हणतात. दुर्बिणीतून ती निळसर-जांभळी, रुंद बुडाची, उंचसखल दिसते. तिला चिमटा लावला की भळाभळा रक्त येऊ शकतं. मग दुर्बिणीने बघताना मूत्राशयात सोडलेलं पाणी लाल होतं आणि रक्त कुठून येतंय तेच दिसेनासं होतं. म्हणून आधी एमआरआय. गाठ भिंतीत किती खोल आहे, बाहेर ओटीपोटात पसरली आहे का, हे त्यात कळतं.

मूत्राशयाच्या शंभर गाठींत अशी एकही सापडत नाही, इतकी ती दुर्मीळ. आणि सापडते ती बहुधा तरुणांत. हेमँजिओमा हा कॅन्सर नव्हे. पण ‘वाटते’ म्हणजे निदान नव्हे, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. लहान गाठ दुर्बिणीतून काढतात किंवा लेझरने जाळतात, मोठी किंवा खोल असेल तर मूत्राशयाच्या तेवढ्या भागासकट काढतात. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाते, तिथे शिक्कामोर्तब होतं. नुसती जाळायची ठरली, तर खात्री कशी करणार हे आधीच विचारून घ्या.

मुलाच्या पायावर जन्मापासून जांभळट डाग आहे का? फुगलेल्या शिरा, एक पाय जाड किंवा लांब? असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. क्लिपेल आणि ट्रेनॉने या फ्रेंच डॉक्टरांनी १९०० मध्ये वर्णन केलेल्या विकारात पायाबरोबर मूत्राशयातही अशा गाठी असू शकतात.

सब्जा खुशाल द्या, गाठीला त्याचं काही नाही. रक्त आपोआप थांबतं आणि श्रेय सब्जाला जातं, तपासणी मात्र लांबते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. रक्ताच्या गुठळ्या पडून लघवी तुंबली किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. गाठ काढल्यावरही दुर्बिणीची तपासणी सांगतील. मूळ राहिलं तर पुन्हा रक्त येतं. बरं वाटल्यावर पोरं टाळाटाळ करतात, तेव्हा तारीख तुम्हीच लक्षात ठेवा.