कुसुंबी म्हणजे नक्की कुठला रंग?

प्रश्न असा आलाय की आजीच्या तोंडी कायम 'कुसुंबी लुगडं' असायचं, तर ते लाल, केशरी की गुलाबी? घरात तिघांनी तीन उत्तरं दिली म्हणे. तर ताई, तिघंही बरोबर आहेत.

अबोली, डाळिंबी, मोरपंखी हे शब्द ती ती वस्तू बघितली की कळतात. कुसुंबीचं तसं नाही. कुसुंब म्हणजे आपली करडईच (मूळ संस्कृत 'कुसुम्भ', 'कुसुम' म्हणजे फूल त्याच्याशी घोळ नको) आणि तिचं फूल पिवळं-केशरी, पण कापड निघतं गुलाबी! म्हणजे हा शब्द छटेचा नाहीच, कशाने रंगवलंय ते सांगणारा आहे. एकदा बुडवलं तर फिकट गुलाबी, परत परत बुडवलं तर लालभडक, हळदीची जोड दिली तर केशरी, आणि आधी निळीत काढलेल्या कापडावर चढवलं तर जांभळं.

मला एकदा स्वस्तातलं केशर म्हणून करडईच्या पाकळ्याच गळ्यात मारल्या होत्या, मग म्हटलं वाया कशाला घालवा, रंगवून बघू. आधी साध्या पाण्यात चोळून चोळून पिवळं सगळं काढून टाकायचं, पाणी नितळ येईपर्यंत, मला निम्मी सकाळ लागली. मग गार पाण्यात पापडखार घालून त्यात पाकळ्या मळल्या (गरम अजिबात नाही, रंग मरतो), गाळल्यावर नुसतं मळकट तपकिरी पाणी, वाटलं गेलं सगळं. पण लिंबू पिळलं आणि लालच झालं! सुती रुमाल मस्त गुलाबी निघाला, गॅलरीत उन्हात वाळत टाकला आणि आठवड्यात विटला.

हे विटणं जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. 14व्या शतकातल्या विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात प्रेमाचे तीन प्रकार रंगांवरून दिलेत (संस्कृतात 'राग' म्हणजे रंगही आणि प्रेमही), नीलीराग म्हणजे निळीचा, तो फार झळकत नाही पण जात नाही, कुसुम्भराग झळकतो पण उडून जातो, आणि मंजिष्ठाराग, म्हणजे मंजिष्ठा वनस्पतीच्या लाल रंगाचा, झळकतोही आणि टिकतोही. धोबीघाटावरचं ज्ञान थेट काव्यशास्त्रात!

अजून एक घोळ, कोशिंबाच्या झाडालाही काही ठिकाणी कुसुंब म्हणतात, त्यावर लाखेचे किडे पोसतात आणि लाखेचाही लाल रंग निघतो, पण तो वेगळा. लुगड्याचं कुसुंबी करडईचंच.

आजीला विचारता आलं तर एवढंच विचारा, लुगडं नवं असतानाचं आठवतंय की धुऊन धुऊन झाल्यावरचं?