वाचकांचे प्रश्न : ऐकून घेणाऱ्या डॉक्टरला सोबत कोणाची?

प्रश्न : मी सात महिन्यांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. माझी मातृभाषा मराठी असून कन्नड कामापुरते येते. बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात 60 ते 70 रुग्ण येतात. प्रत्येकाचे नीट ऐकून घ्यावे, या ओढीनेच मी या व्यवसायात आले. परंतु ऐकत बसले की बाहेरची रांग कुरकुरू लागते, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर 'असे ऐकत बसलात तर दिवस पुरायचा नाही' असे बजावले. संध्याकाळी परतताना रुग्णांचेही झाले नाही आणि कामाचेही झाले नाही, अशी टोचणी लागते. माझे काही चुकते आहे का?
– एक तरुण डॉक्टर, खानापूर तालुका

उत्तर : डॉक्टर, तुमच्या ऐकण्यात काहीही चूक नाही. ते एकटीच्या बळावर निभावण्याची पाळी तुमच्यावर आली आहे, ही खरी अडचण आहे.

आधी वेळेचा हिशेब पाहू. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले होते की, रुग्ण बोलू लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत मध्ये बोलतात. पुढे स्वित्झर्लंडमधील बासेल येथे डॉक्टरांना मध्ये न बोलण्याची सवय लावून 335 रुग्णांचे बोलणे मोजण्यात आले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार रुग्णांनी आपले म्हणणे सरासरी 92 सेकंदांत संपवले आणि पाच मिनिटांहून अधिक बोलणारे अवघे सात निघाले. म्हणजे रुग्ण बोलतच राहील ही भीती बरीचशी निराधार आहे. तरीही तुमच्या 70 रुग्णांना दीड-दीड मिनिट दिले तरी केवळ ऐकण्यात पावणेदोन तास जातात, तपासणी आणि औषधे वेगळीच. तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणेही अगदीच चुकीचे नाही. माझा सल्ला असा की, जखमेची पट्टी बदलायला किंवा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्याचे काम चटकन आटोपावे, आणि वाचवलेला वेळ पहिल्यांदाच आलेल्या रुग्णाला आणि तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या रुग्णाला मोकळ्या मनाने द्यावा.

तिसऱ्यांदा आलेल्या रुग्णाविषयी मी अनुभवाने सांगते. उमेदवारीच्या काळात मी निपाणीत असताना विड्या वळणारी एक बाई खोकल्यासाठी माझ्याकडे तीनदा आली आणि तिन्ही वेळा मी औषध बदलून दिले. चौथ्या वेळी, कागद हातात घेऊन ती उठल्यावर, विड्या वळायला कुठे बसता, असे मी सहज विचारले. ती म्हणाली, "आतल्या खोलीत, दार लावून. वाऱ्यानं सुपातली तंबाखू उडती न्हवं, मग पंखा बी लावत न्हाई." त्याच खोलीत तिची दोन मुले झोपत होती. हे कळायला मला अर्धे मिनिट लागले; पण त्याआधीच्या तीन भेटींत ते अर्धे मिनिट मी काढले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

भाषेच्या बाबतीतही एक सवय लावून घ्यावी. 'जीव घाबरतोय' असे आपल्याकडचा रुग्ण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ धडधड, भीती, मळमळ, भुकेने आलेली कासाविशी किंवा हृदयविकाराची सुरुवात यांपैकी काहीही असू शकतो. 'म्हणजे नेमके काय होते, हाताने दाखवा' असे म्हणावे. कन्नड शब्द अडला, तर आशा कार्यकर्तीला विचारण्यात कमीपणा नाही. घरोघरी तिचेच जाणे असते.

आता सोबतीविषयी, आणि मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हेच. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले, हे योग्यच झाले. परंतु पदवी हाती आल्यावर ती वृत्ती टिकवायला तरुण डॉक्टरच्या पाठीशी कोणी उभे राहत नाही. शिकागो विद्यापीठात 2011 साली बक्सबाउम कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने 4 कोटी 20 लाख डॉलरची देणगी देऊन याच कामासाठी एक संस्था उभी केली. डॉ. मार्क सिगलर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या संस्थेत विद्यार्थी, नवे अध्यापक-डॉक्टर आणि ज्येष्ठ चिकित्सक यांना डॉक्टर-रुग्ण नात्यावरील कामासाठी निवडून एकत्र आणले जाते. एवढा पैसा आपल्याकडे नसला, तरी लंडनमध्ये मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी 1950 च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीला पैसा लागतच नाही. आठ-दहा डॉक्टरांनी ठरावीक दिवशी बसायचे, एकाने मनाला लागून राहिलेल्या एका रुग्णाची हकीकत टिपणे न वाचता सांगायची, आणि इतरांनी औषधयोजनेवर न घसरता त्या दोघांमध्ये काय घडले असावे, याचा विचार करायचा. रुग्णाचे नाव-गाव अर्थातच उघड करायचे नाही.

तालुका आरोग्याधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीला तुम्ही सारे जमताच. बैठकीनंतर एक तास यासाठी द्यावा, असा लेखी अर्ज आणखी दोघा-तिघांच्या सह्यांनिशी करा. बेळगावात 1963 पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, बिम्स ही शासकीय वैद्यकीय संस्था आहे. तिथल्या एखाद्या ज्येष्ठ अध्यापकाला महिन्यातून एकदा खानापूरला बोलावणे अवघड नाही. तुम्हाला बजावणाऱ्या त्या सहकाऱ्यांनाही आवर्जून बोलवा.

प्रश्न : माझा मुलगा इंटर्न आहे. एक रुग्ण दगावल्यापासून तो घरी बोलेनासा झाला आहे. आम्ही काय करावे?
– निवृत्त शिक्षक, चिकोडी

उत्तर : गुरुजी, 'डॉक्टरने मन घट्ट करावे' हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये. त्याला झोपू द्यावे, जेवताना शेजारी बसावे, आणि तो बोलला तर त्या रुग्णाविषयीच बोलू द्यावे. विषय बदलू नये. विभागातील ज्या वरिष्ठांवर त्याचा विश्वास आहे, त्यांच्याशी एकदा बोलायला त्याला सुचवावे. पंधरवड्यानंतरही झोप-जेवण सुधारले नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. निराशेचे, जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क असून रात्रीही चालू असतो. तो कागदावर लिहून त्याच्या टेबलावर ठेवा.