जेलीफिशचा दगड होतो कसा? नुसता ऑक्सिजन नसून भागत नाही

ताई, प्रश्न एकदम योग्य विचारलात. गोव्यातल्या मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत पडलेली जेलीफिश उन्हात बघता बघता आटून जाते, मग ५० कोटी वर्षांपूर्वीची जेलीफिश दगडात सापडते कशी? तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना एकांनी लिहिलंय की ऑक्सिजन नसला की कुजत नाही. हे अर्धंच खरं आहे आणि सगळीकडे हेच सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या खाजनातला (खाडीकाठच्या खाऱ्या, सखल जमिनीतला) चिखल काठीने ढवळून बघा. वरचा पातळ थर सोडला की खाली काळा गाळ आणि कुजक्या अंड्याचा वास. तिथे ऑक्सिजन नाहीच, तरी पानं कुजतात, मासे कुजतात, कारण तिथले बॅक्टेरिया खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर काम भागवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि तो लोखंडाशी मिळून गाळ काळा करतो. ऑक्सिजन नसल्याचा मोठा फायदा म्हणजे मढं खायला, उकरायला खेकडे-किडे येत नाहीत. पण कुजणं चालूच राहतं.

खरी शर्यत वेगळीच आहे. मऊ भाग संपायच्या आत तिथे खनिज बसलं पाहिजे, आणि बऱ्याचदा ते खनिज बसवायची सोय हे कुजवणारे बॅक्टेरियाच करतात! न्यूयॉर्क राज्यातल्या बीचर थर नावाच्या खडकात ट्रायलोबाइटचे (नामशेष झालेल्या, कवचाच्या समुद्री प्राण्याचे) पाय आणि मिशासुद्धा पायराइटमध्ये, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजात, उतरल्यात. त्यासाठी गाळात लोखंड भरपूर हवं पण बाकी कुजण्यासारखा माल कमी हवा, तरच सल्फाइड नेमकं त्या मढ्याभोवती तयार होतं. खाजनात पालापाचोळा एवढा की ते सगळीकडेच पसरतं, ठसा कुठला उठणार.

दुसरा मार्ग फॉस्फेटचा. ब्रिग्ज आणि किअर या संशोधकांनी १९९३ मध्ये कोळंब्या बंद भांड्यात कुजवून दाखवल्या, काही आठवड्यांतच स्नायूंच्या जागी कॅल्शियम फॉस्फेट यायला लागलं. लाखो वर्षं लागतात असं आपण धरून चालतो ना, निर्णायक काम आठवड्यांत उरकतं. मला या विषयातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध खडकाची तऱ्हा निराळी, तिथे बारीक गाळाच्या लोंढ्यात प्राणी गाडले गेले आणि कार्बनचा पातळ पापुद्रा उरला. तिथल्याच पोहणाऱ्या जेलीफिशचं बर्जेसोमेड्युसा हे नाव २०२३ मध्ये जाहीर झालं.

आता सावधगिरी. अमेरिकेत इलिनॉयच्या मेझॉन क्रीकमध्ये सापडणारी एसेक्सेला ही जीवाश्म कित्येक वर्षं जेलीफिश म्हणून मिरवली, २०२३ मध्येच संशोधकांनी ती उलटी धरून बघितली तर सी ॲनिमोन (तळाला चिकटून राहणारा, जेलीफिशच्या नात्यातला प्राणी) निघाली. शिवाय सगळे अवयव एका वेगाने कुजत नाहीत. २०१० मध्ये लँप्रे (जबडा नसलेला मासा) आणि ॲम्फिऑक्सस (माशासारखा दिसणारा छोटा समुद्री प्राणी) कुजवून केलेल्या प्रयोगांत दिसलं की उत्क्रांतीत उशिरा आलेली लक्षणं आधी जातात, त्यामुळे अर्धवट कुजलेला प्राणी होता त्यापेक्षा आदिम वाटतो. म्हणून जीवाश्मात एखादा अवयव दिसला नाही तर तो नव्हताच असं लगेच म्हणू नये.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की असलं काही गोव्यात मिळेल का. आपल्या लोहखनिजाच्या पट्ट्यातले मूळ खडक प्राणी जन्माला यायच्या कितीतरी आधीचे, त्यात उष्णता आणि दाबाने रूपांतरित झालेले, आणि वरचा चिरा म्हणजे ऊन-पावसाने झिजून बनलेला लॅटराइट. तिथे जेलीफिश शोधण्यात अर्थ नाही. पण कुजण्याची केमिस्ट्री बघायची असेल तर ओहोटीच्या वेळी चोडणच्या कांदळवनाकडे जा, पायात गमबूट घाला.