हम कुठून येतो? प्रीअ‍ॅम्पच्या किटबद्दल वाचकांचे प्रश्न

किट आणून स्वतः प्रीअ‍ॅम्प जोडणाऱ्यांची पत्रं या महिन्यात इतकी आली की अख्खा रकाना त्यांनाच दिला आहे. एकसारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत. निम्म्याहून जास्त पत्रांत तक्रार एकच आहे, हमची, म्हणजे मागे सतत येणाऱ्या गुणगुणीची. म्हणून त्याचं उत्तर सगळ्यात लांब झालं आहे.

ताई, माझ्याकडे सीडी प्लेअर, फोन आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आहे. आता जुना टर्नटेबलही मिळालाय. सगळं एकाच किटवर चालेल का?

किटवर नुसतं 'प्रीअ‍ॅम्प' लिहिलेलं असेल तर विकत घेण्याआधी त्याचा गेन किती आहे, म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो, ते विचारा. सीडी प्लेअर पूर्ण जोराच्या सिग्नलला साधारण २ व्होल्ट देतो आणि बरेचसे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर १ व्होल्टच्या आसपास पूर्ण ताकदीनं वाजतात. म्हणजे इथे सिग्नल वाढवायचाच नाहीये, कमी करायचा आहे. तुम्हाला हवी आहे ती इनपुट निवडायची सोय, चांगला व्हॉल्यूम आणि लांब केबल सहज चालवू शकेल असं आउटपुट. लाइन स्टेजला, म्हणजे सीडी प्लेअर आणि फोनसाठीच्या विभागाला, २ ते ३ पट गेन भरपूर झाला. १० पटींचं किट घेतलंत तर नॉब जरासा फिरवताच आवाज असह्य होईल आणि नॉबचा उरलेला सगळा फेर वाया जाईल.

टर्नटेबलचं गणित पूर्ण निराळं. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं. त्याला १००० हर्ट्झवर सुमारे १०० पट गेन लागतो. मूव्हिंग कॉइल असेल तर सिग्नल ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच, म्हणजे आणखी दहापट. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाच इतकी हेलकावे घेईल की शेजारच्या खाचेत घुसेल. तार स्वर वाढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते पुन्हा दाबले की त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही दाबली जाते. ही उलटापालट किती करायची याचं आरआयएए प्रमाण १९५४ पासून रूढ आहे. त्यानुसार फोनो स्टेज, म्हणजे टर्नटेबलसाठीचा विभाग, १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल जास्त आणि २० हजार हर्ट्झला जवळपास २० डेसिबल कमी गेन देते. हे काम लाइन स्टेज करू शकत नाही. टर्नटेबल तिला जोडलात तर आवाज क्षीण आणि चिरका येईल.

तेव्हा फोनो आणि लाइन असे दोन्ही विभाग असलेलं किट घ्या. फोनो इनपुटला ४७ किलोओहमचा रेझिस्टर आहे ना, ते बघा. आरआयएएच्या जाळीतले कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे असावेत. किटमध्ये त्या जागी साधे सिरॅमिक दिले असतील तर बदलून घ्या. इथे पैसे घातले तर ते ऐकू येतात.

ताई, गाणं छान वाजतं, पण मागे सतत हम आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जात नाही. व्हॉल्यूमच्या दांड्याला बोट लावलं की कमी होतो. फिल्टर कपॅसिटर २२०० चे काढून ४७०० मायक्रोफॅरॅडचे घातले, काही फरक नाही. आता काय बदलू?

काहीही बदलू नका. तुमच्या पत्रातच उत्तराचा मोठा भाग आहे.

आधी कपॅसिटरचं. चार ड्युअल ऑप-अ‍ॅम्पचं (एका आयसीत सिग्नल वाढवणारे दोन भाग असलेलं) किट जेमतेम ३० मिलिअँपिअर घेतं. २२०० मायक्रोफॅरॅडवर तेवढ्या करंटला रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, सुमारे ०.१४ व्होल्ट पडतो. पुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारा ७८१५ रेग्युलेटर तो हजार पटींच्या आसपास कमी करतो आणि उरलेला ऑप-अ‍ॅम्प स्वतःच झटकून टाकतो. म्हणजे २२०० पुरेसेच होते. रिपल हे तुमच्या हमचं कारण नाही, म्हणून कपॅसिटर दुप्पट करूनही काही झालं नाही.

आता बोटाचं. दांड्याला हात लावल्यावर हम कमी होतो याचा अर्थ पॉटचं, म्हणजे व्हॉल्यूमच्या बदलत्या रेझिस्टरचं, धातूचं अंग कुठेच जोडलेलं नाही आणि तुमचं शरीर त्याचं ग्राउंड बनतं आहे. पॉट धातूच्या पॅनेलवर घट्ट बसवलेलं असेल तर ते पॅनेलही ग्राउंडला न जोडलेलं आहे. हे फक्त हमचं प्रकरण नाही. मेन्सवर चालणाऱ्या धातूच्या डब्याला अर्थिंग नसेल तर ट्रान्सफॉर्मरमधल्या एका बिघाडानं तो डबा जिवंत होतो. आज रात्रीच प्लग काढा. मेन्सची हिरवी वायर डब्याच्या तळाला रंग खरवडून, बोल्ट आणि दातेरी वॉशरनं आवळा. पॅनेल आणि झाकण यांनाही तिथपर्यंत मीटरनं जोड दिसला पाहिजे. पॉट आणि पॅनेल यांच्यामध्ये पावडर कोटिंगचा थर येतो, तोही खरवडा.

एवढ्यानं हम थोडा कमी होईल, बहुधा पूर्ण जाणार नाही. मग तो ऐकायला शिका. फोनवर ५० आणि १०० हर्ट्झचा टोन लावा आणि ताडून बघा. गोल, खोल, मऊ असा ५० हर्ट्झचा असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून, ग्राउंड लूपमधून (ग्राउंडचे दोन मार्ग मिळून झालेल्या वेटोळ्यातून) किंवा केबलच्या सुटलेल्या शिल्डमधून येतो. कडा असलेला, चरचरणारा १०० हर्ट्झचा असेल तर तो रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या, वायरिंगमधून येतो. ही ओळख पटली की अर्धं काम झालं.

१०० हर्ट्झवाल्यात मला किटांमध्ये वारंवार दिसणारी गोष्ट सांगते. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर, दोन मोठ्या कपॅसिटरांचा सांधा आणि ऑडिओ ग्राउंड हे सगळं सोयीनं एकाच जाड वायरवर जिथे जागा मिळेल तिथे जोडलेलं असतं. कपॅसिटर चार्ज होतात ते मेन्सच्या लहरीच्या टोकाला, अगदी थोडा वेळ. त्या क्षणी करंट सरासरीच्या कितीतरी पट असतो आणि तो या मधल्या वायरमधूनच वाहतो. वायरला थोडा का होईना रेझिस्टन्स असतो, त्यामुळे तिच्या दोन टोकांमध्ये सेकंदाला १०० वेळा व्होल्टेजचे झटके बसतात. ऑडिओ ग्राउंड त्या वायरवर मध्येच कुठेतरी घेतलं तर हे झटके थेट सिग्नलमध्ये जातात आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही थांबत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: मधली वायर आधी कपॅसिटरांच्या सांध्याला, आणि त्या सांध्यापासून वेगळी वायर ऑडिओच्या ग्राउंड बिंदूला. तिथूनच प्रत्येक चॅनेलची, इनपुट सॉकेटची आणि पॉटची ग्राउंड वायर स्वतंत्र निघू दे. एक वायर आणि एक सोल्डरचा डाग, एवढीच ही दुरुस्ती आहे.

५० हर्ट्झचा निघाला तर सगळ्या इनपुट केबल काढा. हम गेला तर लूप बाहेरच्या उपकरणाशी आहे. राहिला तर वीज बंद करून ट्रान्सफॉर्मर सोडवा, लांब वायरवर फोनो बोर्डापासून दूर ठेवा आणि पुन्हा सुरू करून ऐका. मग बंद करून थोडा फिरवा, पुन्हा ऐका. चालू असताना हात घालू नका. काही कोनांत हम बराच उतरतो. टोरॉइडचं, म्हणजे कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरचं, क्षेत्र बाहेर कमी पसरतं, तरी तोही फोनो इनपुटला चिकटून नको.

लूप बाहेरचा असेल तर अनेकजण प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. हम जातो आणि संरक्षणही जातं. असं कधीही करू नका. डबा थेट अर्थला जोडलेलाच ठेवा. ऑडिओ ग्राउंड आणि डबा यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याला समांतर, एकमेकांच्या उलट दिशेनं दोन दणकट डायोड लावा. लूपचा बारीक करंट १० ओहमवर अडतो, बिघाडाचा मोठा करंट डायोडमधून अर्थला जातो.

अकरावीतल्या एका वाचक मुलीचा प्रश्न: ताई, ७८१५ आणि ७९१५ दोन्ही एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बोल्टनं लावले. चालू करताच फ्यूज उडाला. सोल्डरिंग तर नीट दिसतंय.

सोल्डरिंग नीटच असेल. ७८१५ ची धातूची पाठ आतून ग्राउंडला असते, पण ७९१५ ची पाठ त्याच्या इनपुटला, म्हणजे उणे २० व्होल्टच्या आसपास असते. तू ती पट्टीतून ग्राउंडला शॉर्ट केलीस. ७९१५ खाली अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा तुकडा आणि बोल्टला प्लॅस्टिकचा बुश घाल, मग मीटरनं पाठ आणि पट्टी यांच्यात जोड नाही हे बघ. त्यांचे पायही वेगळे आहेत. समोरून डावीकडून ७८१५ ला इनपुट, ग्राउंड, आउटपुट, तर ७९१५ ला ग्राउंड, इनपुट, आउटपुट.

पुन्हा सुरू करताना घरातलं कुणी मोठं शेजारी असू दे. सगळे आयसी सॉकेटमधून काढ. मेन्सच्या वाटेत ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाल. बल्ब क्षणभर उजळून विझला तर ठीक, पेटत राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद कर. मीटरची काळी वायर क्लिपनं ग्राउंडला लाव, म्हणजे एकच हात वापरता येईल. कपॅसिटरांवर २० व्होल्ट किंवा थोडे जास्त, रेग्युलेटरनंतर १४.४ ते १५.६ च्या मध्ये काहीतरी, आणि ड्युअल ऑप-अ‍ॅम्पच्या सॉकेटवर ८ नंबरला अधिक, ४ नंबरला उणे. हे जुळलं की वीज बंद कर, कपॅसिटर उतरू दे आणि आयसीवरची खाच बघून तो बसव. परत चालू करून १ आणि ७ नंबरच्या पायांवर डीसी मोज. काही मिलिव्होल्ट हवेत. १३ व्होल्ट दिसले तर पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा नाही. तू स्वतः हे सगळं जोडते आहेस याचा मला फार आनंद झाला. पुढे काय झालं ते जरूर लिही.

एनई५५३२ काढून चौपट किमतीचा आयसी लावला. लाइन इनपुटवरचा 'सूं' आवाज जसाच्या तसा. आयसी नकली असेल का?

आयसी बहुधा अस्सल आहे, 'सूं' दुसरीकडून येतो. तुम्ही लिहिलंत की व्हॉल्यूम पॉट १०० किलोओहमचं आहे. प्रत्येक रेझिस्टर उष्णतेमुळे स्वतःचा नॉइज निर्माण करतो. हे पॉट मधोमध असताना पुढच्या आयसीला २५ किलोओहमचा स्रोत दिसतो आणि ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तो सुमारे २.९ मायक्रोव्होल्ट नॉइज देतो. एनई५५३२ चा स्वतःचा नॉइज त्याच पट्ट्यात सुमारे ०.७ मायक्रोव्होल्ट. त्यात आणखी काय कमी करणार? १० किलोओहमचं पॉट लावा, आकडा ०.९ वर येईल. मात्र पॉटच्या आधी १ मायक्रोफॅरॅडचा कपलिंग कपॅसिटर असेल तर १० किलोओहमवर खर्ज १६ हर्ट्झपासूनच उतरू लागेल, म्हणून तो ४.७ चा करा. सीडी प्लेअर आणि फोन १० किलोओहम आरामात चालवतात. व्हॉल्व्हचं एखादं उपकरण जोडत असाल तर आधी त्याची क्षमता बघा.

फोनोत मात्र आयसी महत्त्वाचा. तिथे टीएल०७२ असेल तर त्याचा नॉइज २.५ मायक्रोव्होल्टच्या आसपास आहे आणि सिग्नल अवघा ५ मिलिव्होल्ट. तिथे एनई५५३२ लावलात तर फरक पहिल्या रेकॉर्डलाच कळेल.

अगदी कमी आवाजात एक चॅनेल बारीक वाजतो. वाढवला की दोन्ही सारखे होतात.

दुहेरी पॉटच्या दोन पट्ट्या सुरुवातीच्या भागात जुळत नाहीत. लॉग पॉटमध्ये हे नेहमीचं आहे. चांगलं पॉट घ्या किंवा लाइन स्टेजचा गेन कमी करा, म्हणजे नॉब त्या भागाच्या पुढे वापरता येईल.

फोनो स्टेज बरोबर जुळली आहे की नाही हे ऑसिलोस्कोप नसताना कसं तपासू?

फोन आणि साधा मल्टिमीटर पुरतो. फोनच्या आउटपुटला १०० किलोओहम सिरीजमध्ये आणि तिथून ग्राउंडला १०० ओहम लावा. सिग्नल हजार पटींनी उतरेल, तो फोनो इनपुटला द्या. टोन १०० हर्ट्झचा लावा आणि फोनचं आउटपुट ०.५ व्होल्ट एसी करा. स्टेजचा गेन १००० हर्ट्झला १०० पट असेल तर बाहेर सुमारे ०.२३ व्होल्ट दिसायला हवेत, कारण १०० हर्ट्झला आरआयएए त्याला आणखी साडेचार पट वाढवतं. मग टोन ४०० हर्ट्झचा करा. फोनचं आउटपुट तेवढंच आहे ना ते पुन्हा मोजून घ्या. आता बाहेर साधारण ०.०७७ व्होल्ट हवेत. याच्या वरच्या टोनवर स्वस्त मीटर विश्वासाचा राहत नाही, म्हणून मी ४०० लाच थांबते. गेन तुमच्या किटचा वेगळा असला तरी १०० आणि ४०० च्या आकड्यांचं गुणोत्तर २.९ च्या जवळ यायलाच हवं. दोन्ही चॅनेल मोजा. एकाचं गुणोत्तर बरोबर आणि दुसऱ्याचं चुकलेलं असेल तर त्या चॅनेलच्या आरआयएए जाळीतला एखादा रेझिस्टर बहुधा चुकीचा बसला आहे. निळ्या अंगावर तपकिरी आणि लाल पट्टे सारखे दिसतात, तेव्हा रंगांवर न जाता एक टोक सोडवून मीटरनंच मोजा.